दुकानाचे दार आणि कडेवरचे मूल

लहान मूल बरोबर असलेल्या ग्राहकाला दारातच थांबवण्याचा, आत घेतले तरी कोपऱ्यात उभे ठेवण्याचा आणि मुलाने हात लावलेली वस्तू त्याच्या गळ्यात मारण्याचा दुकानदाराला पूर्ण अधिकार आहे, असे मत नाशिकच्या बाजारपेठेविषयी हिरिरीने बोलणारा एक पक्ष मांडत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: दुकान ही मालकाची खासगी मालमत्ता आहे, मुले माल मळवतात, फोडतात, त्यांच्या रडण्याने इतर गिऱ्हाइके वैतागतात, आणि हल्लीच्या आईबापांना मुलांना वळण लावता येत नाही. यातील शेवटचा आक्षेप प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीवर घेतलेला असल्याने त्याला उत्तर देण्याचे कारण नाही. रडण्याचा आक्षेपही पोकळ आहे, कारण दिवसभर दारात ध्वनिक्षेपक लावून ठेवणाऱ्या बाजारपेठेला तान्ह्या मुलाच्या आवाजाबद्दल तक्रार करणे शोभत नाही.

मालमत्तेचा मुद्दा मात्र मुळापासून तपासला पाहिजे, कारण सारी भिस्त त्याच्यावरच आहे. घर खासगी असते ते त्याचे दार मालकाच्या इच्छेने उघडते म्हणून. दुकान हे पाटी लावून, दिवे उजळून, येणाऱ्याजाणाऱ्याला आत बोलावून चालते, आणि ज्याने सर्वांना बोलावले त्याने दारात आलेल्यांपैकी काहींना परत पाठवताना केवळ ‘जागा माझी’ एवढे म्हणून भागत नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 15 च्या दुसऱ्या खंडाने दुकानांतील प्रवेशाबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणत्याही नागरिकावर निर्बंध घालण्यास मनाई केली आहे. या तरतुदीच्या मसुद्यावर नोव्हेंबर 1948 मध्ये संविधान सभेत चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुकान या संज्ञेचा व्यापक अर्थ सांगितला: सेवा मागायला येणाऱ्या कोणालाही ती देण्यास मालक जेथे तयार असतो, ते दुकान. प्रवेश म्हणजे नुसते आत पाऊल टाकू देणे नव्हे, तर ती सेवा प्रत्यक्ष मिळणे, हेही त्यांनी स्पष्ट केले. ज्या शहरात 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या दारापुढे अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, त्या शहराला तरी दाराचा प्रश्न मालकाच्या मर्जीवर सोडता येणार नाही. अस्पृश्यतेचा अन्याय आणि येथील गैरसोय यांना एका मापाने मोजणे अर्थातच अनुचित ठरेल, आणि अनुच्छेदाच्या यादीत वयाचा उल्लेख नाही, हेही खरे. परंतु मूल बहुधा आईच्या कडेवर असते, म्हणून मुलाला केलेली बंदी व्यवहारात बाईलाच घातलेली बंदी ठरते, आणि लिंग हा शब्द त्या यादीत आहे.

‘माझे दुकान, माझा नियम’ हा युक्तिवाद जुनाच आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटीही याच न्यायाने वर्षानुवर्षे टांगलेली होती, आणि ती काढल्यास व्यापार बुडेल असे तेव्हाही ठासून सांगितले जात असे. आज ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा, म्हणजे ग्राहकाला फसवणारी किंवा नाडणारी विक्रीपद्धत, मानली जाते; व्यापार काही बुडाला नाही.

नुकसानीबाबत एवढेच म्हणता येईल की भरपाईसाठी कोणाचा तरी निष्काळजीपणा दिसावा लागतो, आणि काचेच्या वस्तू चिंचोळ्या वाटेवर गुडघ्याइतक्या उंचीला मांडण्याचा निर्णय मुलाचा नसतो.

या पक्षाची खरी विसंगती सराफ बाजारात उघडी पडते. बारशाच्या आधी तेथे बिंदल्या, वाळे आणि कडदोरा घ्यायला कुटुंब येते, तेव्हा माप मुलाच्याच मनगटावर आणि पायावर घेतले जाते, कान टोचायला सोनार त्याला आजीच्या मांडीवर घट्ट धरवतो, आणि त्याचे रडणे कोणालाही खटकत नाही. तीच आई पुढच्या महिन्यात साड्यांच्या दुकानात पांढऱ्या चादरीच्या गादीवर मूल घेऊन बसली की विक्रेता उलगडलेला पदर झटकन ओढून घेतो आणि मुलाला बाहेर कोणाकडे तरी देऊन येण्यास सुचवतो. मूल तेच असते. पहिल्या दुकानात ते गिऱ्हाईक होते, दुसऱ्यात अडचण ठरले.

हे थांबवण्यासाठी नवा कायदाच हवा, असे नाही. 2019 च्या कायद्यात ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारी व्यक्ती असल्याने दारातूनच परतवलेल्याला त्याचा आधार घेणे अवघड आहे. म्हणून व्यापाऱ्यांनी आपण होऊन पुढाकार घेणे अधिक उपयोगी. एसटी स्थानकांवर स्तनदा मातांसाठी असलेल्या खोल्यांना हिरकणी कक्ष म्हणतात. रायगडाचे दरवाजे मिटल्यावर तान्ह्या बाळासाठी कडा उतरणाऱ्या गवळणीचे ते नाव आहे. त्याच धर्तीवर मोठ्या दुकानाला पडदा लावलेला एक कोपरा, लहान दुकानाला एक खुर्ची आणि फुटणारा माल वरच्या फळीवर, एवढे जमण्यासारखे आहे. मेन रोडपासून कॉलेज रोडपर्यंतच्या दुकानदारांनी ते येत्या दिवाळीच्या खरेदीआधी करावे, आणि मुलांना मनाई करणारी पाटी कोठे असेल तर ती आजच उतरवावी.