गुडघ्याला विश्रांती नव्हे, काम द्या



‘गुडघे झिजले की चालणे कमी करा’ हा आपल्या अंकातील सल्ला रुग्णांचे नुकसान करणारा आहे. हाडांच्या टोकांवरील मऊ कूर्चेत (कार्टिलेज) रक्तवाहिन्या नसतात; हालचालीच्या दाबाने सांध्यातले वंगण तिच्यात आत-बाहेर होते, तेच तिचे पोषण. बसून राहिल्याने मांडीचा स्नायू दुबळा होतो आणि जिना उतरताना गुडघा लटपटतो. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचार-मार्गदर्शक संस्थेने सांध्यांच्या झिजेवरील २०२२च्या मार्गदर्शिकेत व्यायामाला उपचाराचा पाया मानले. ग्लुकोसामाइन हे पूरक औषध मात्र देऊ नये, असे म्हटले. सुरुवातीला दुखणे वाढू शकते, हा आक्षेप खरा. मार्गदर्शिकाही तसे बजावते, पण नेटाने केल्यास फायदा होतो हेही सांगते. झिजलेली कूर्चा व्यायामाने भरून येत नाही, दुखण्याला उतारही बेताचाच, हे मान्य. तरी हात न टेकता खुर्चीतून सावकाश उठण्याला पैसे पडत नाहीत. ते नीट शिकवणारा फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मिळायलाच हवा.

— एक वाचक