जुन्या मोटारीची परीक्षा

सोनईसारख्या उंसाच्या गांवीं एखाद्या वाड्यांत आजोबांच्या वेळची फियाट अथवा प्रीमियर पद्मिनी आच्छादनाखालीं उभी असलेली आढळते. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतील ही गाडी. ती पुनः चालती करण्याची हौस स्तुत्य होय. परंतु रंगाऱ्यास बोलावण्यापूर्वीं ती स्वच्छ करून नीट पारखावी, अशी आमची सूचना आहे.

प्रथम उंदरांनीं तारा कुरतडल्या आहेत काय तें पाहावें. तोंवर बॅटरी जोडूं नये. मडगार्डांत वाळलेला चिखल भिजवून काढावा, कारण ओल धरून तोच गंजास थारा देतो. या गाडीस निराळा सांगाडा नाहीं. पत्र्याचें अंगच भार वाहतें. म्हणून चटया उचलून तळ दाबून पाहावा. तो खचला, तर खर्च रंगाचा नसून हाडांचा आहे असें समजावें.

२०२१ च्या नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुनी व मूळ रूपांत राखलेली गाडीच 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येते. तेव्हां मूळचें काय ठेवावयाचें याची यादी आधीं करावी. खर्च सामाईक पैशांतून व्हावयाचा असल्यास ती यादी व तळाची खरी स्थिति घरांतील सर्व वडीलधाऱ्यांपुढें मांडावी. ममतेनें गंज झांकला जातो, भरून निघत नाहीं.