खर्चाच्या वहीतले रानडे

सुरत म्हटलं की मराठी माणसाला महाराजांची १६६४ ची स्वारी आठवते, नाहीतर १९०७ चं फुटलेलं काँग्रेस अधिवेशन. मी सुरतेचा, म्हणून मला तिसरं साल महत्त्वाचं वाटतं: १८७८.

त्या वर्षी सरकारने व्यापारी आणि कारागिरांवर लायसन टॅक्स बसवला. कारण दिलं दुष्काळनिवारणाचं. पगारदार अंमलदार आणि वकील मात्र त्यातून सुटले! सुरतेत दुकानं बंद झाली, दंगल उसळली, गोळीबारात माणसं गेली. आणि पुढच्याच वर्षी, अफगाण युद्ध चालू असताना, दुष्काळाची ती तरतूद सरकारने स्थगित केली.

१८८६ मध्ये सरकारचा खर्च तपासायला चार्ल्स इलियट यांच्या अध्यक्षतेखाली फायनान्स कमिटी नेमली गेली. मुंबई इलाख्यातर्फे तिच्यात बसले महादेव गोविंद रानडे. कायद्याचे पदवीधर, पेशाने न्यायाधीश. अमेरिकेत साल्मन चेस हेही वकीलच; १८६१ मध्ये ते लिंकनचे अर्थमंत्री झाले आणि युद्धासाठी त्यांच्या खात्याने कागदी नोटा काढल्या. चेसच्या हाती खजिना होता, रानड्यांच्या वाट्याला फक्त समितीतली एक खुर्ची.

‘मग ती खुर्ची घेतलीच कशाला?’ असं आमच्या मंडळातले काहीजण विचारतात. सरकारी चहा प्यायचा आणि सह्या करायच्या, एवढंच ना? मला नाही पटत. सुरतेच्या व्यापाऱ्यांनी रस्त्यावर जो प्रश्न विचारला, की पैसा कुणाकडून घेता आणि घालवता कुठे, तोच प्रश्न कुणीतरी आकडे समोर ठेवून विचारायला हवा होता. हे काम रटाळ असतं, त्यात कुणी हार घालत नाही. त्याच साली आलेल्या आयकर कायद्याने पगारदारांनाही कक्षेत घेतलं. ते रानड्यांमुळे झालं असा माझा दावा नाही. पण कर कुणी भरायचा हा वाद तेव्हा किती तापलेला होता, ते यावरून कळतं.

२०१७ च्या जुलैत जीएसटीविरोधात सुरतेचं कापड मार्केट बंद पडलं, तेव्हा १८७८ ची आठवण कुणी काढलेली मी तरी ऐकली नाही. रानडे आपल्याला भेटतात ते रमाबाईंच्या आठवणींतून आणि विधवाविवाहाच्या धड्यातून. भारतीय अर्थशास्त्रावरचं त्यांचं १८९२ चं डेक्कन कॉलेजातलं भाषण आमच्या कॉमर्सच्या वर्गात अजून कुणी उघडलेलं नाही. पुढच्या महिन्याच्या वाचनसभेत तेच घ्यावं, अशी माझी मंडळाला विनंती आहे.