सी ड्राइव्हचा सातबारा

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की त्यातला सगळ्यात जाडजूड गेम उचलून डी ड्राइव्हवर टाकला जातो. गेम सुरू होतो, पण महिनाभर खेळलेलं सगळं विसरून पहिल्या मिशनवर आणून उभं करतो. ‘फायली उडाल्या’ म्हणून बोभाटा होतो. बहुतेक वेळा उडालेलं काहीच नसतं.

गेम आणि त्याचा सेव्ह सहसा एका फोल्डरात नसतात. ‘जीटीए व्हाइस सिटी’चे सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये असतात, नवे गेम ‘माय गेम्स’ नाहीतर अ‍ॅपडेटा पसंत करतात आणि अ‍ॅपडेटा मुळातच लपवलेला असतो. ‘हिडन आयटम्स’वर खूण केल्याशिवाय तो दिसत नाही. सगळ्यात घोळ जुन्या गेमांचा. प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायला विंडोज व्हिस्टापासून मनाई झाली, म्हणून त्यांचे सेव्ह विंडोज गुपचूप अ‍ॅपडेटातल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये ठेवतं. गेम डी ड्राइव्हवर गेला की स्वतःच्याच फोल्डरात सेव्ह शोधतो आणि तिथे तो कधीच नव्हता. व्हर्च्युअलस्टोअरमधून उचलून गेमच्या नव्या फोल्डरात ठेवला की काम झालं.

एकाच ड्राइव्हमध्ये फाइल हलवली तर फक्त सातबाऱ्यावरची नोंद बदलते, जमीन जागेवरच राहते. कर्जत आणि खालापूर या फार्महाउसांच्या दोन तालुक्यांत हे जास्त समजावून सांगायला नको. ड्राइव्ह बदलला की मात्र आधी नक्कल होते आणि मग मूळ पुसलं जातं. याला वेळ लागतो आणि तेवढ्यात लाइट जाते.

आता लाइट जाण्याबद्दल. खालापूर तालुक्यात खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झालं, कर्जत तालुक्यात भिवपुरीचं 1922 साली. घाटावरच्या धरणांचं पाणी जाड नळांतून खाली सोडायचं, टर्बाइन फिरवायचं आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, असा टाटांचा बेत होता. खोपोलीचं पाणी पुढे पाताळगंगेला मिळतं, भिवपुरीचं उल्हासला. उल्हास भर उन्हाळ्यात वाहते ती त्याच्याच जोरावर. म्हणजे पाण्याचा उपयोग खालच्या गावांना झाला. विजेचं काय? मुंबईत गिरण्या गेल्या, मॉल आले, तरी उजेड कायम. इकडे जुलैत तारेवर फांदी पडली की अख्खी वाडी अंधारात, शेजारच्या डोंगरावरून नळ उतरत असला तरी. शंभर वर्षं जुनी शेजारीण अजून दिवा उसना देत नाही, ही तक्रार गेमच्या निमित्ताने पुन्हा एकदा.

लाइट आल्यावर अर्धवट हललेल्या गेमच्या काही फायली इकडे आणि काही तिकडे सापडतात. काहीही पुसायचं नाही, राहिलेल्या फायली पुन्हा कॉपी करायच्या. पेनड्राइव्ह फॅट32चा असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जातच नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा, आतला माल आधी दुसरीकडे काढून. स्टीमला गेम दिसत नसेल तर ‘स्टीमअ‍ॅप्स’ फोल्डरातली ‘अ‍ॅपमॅनिफेस्ट’ फाइल मागे राहिलेली असते. ती आणावी, किंवा गेमचा फोल्डर ‘कॉमन’मध्ये ठेवून इन्स्टॉल दाबावं, असलेल्या फायली स्टीम ओळखतं. मग पडताळणी. तिच्यात बिघडलेला भागच नव्याने उतरतो. मोबाइलच्या दिवसाला दीड-दोन जीबी डेटावर शंभर जीबीचा गेम पुन्हा उतरवायचा म्हणजे दिवाळी उजाडायची. स्टीम क्लाउडने ‘कुठला सेव्ह ठेवू?’ असं विचारलं तर आधी तारीख वाचावी, घाईत नवा कोरा सेव्ह निवडू नये.

फाइल खरोखर पुसली गेली असेल तर त्या डिस्कवर पुढे काहीच लिहू नये, रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा नाही. ते दुसऱ्या डिस्कवर टाकावं आणि सापडलेल्या फायलीही तिथेच उतरवाव्यात. रेकुव्हा बऱ्याचदा नावासकट फाइल आणतं; फोटोरेक फुकट आणि चिवट, पण मूळ नावं परत देत नाही. फिरत्या हार्ड डिस्कवर हे जमतं. एसएसडीत ट्रिम चालू असलं तर पुसलेली जागा डिस्क स्वतःच मोकळी करून टाकते, मग सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी हाती काही लागत नाही.