उडत्या बाकावर बसण्याआधी



बर्फ आता आपल्या घरांच्या फार जवळ आलाय. काश्मीर म्हणजे नव्या जोडप्यांनी जायची जागा, हे दिवस गेले. आता थंडीच्या सुट्टीत मुलाबाळांसकट, आजी-आजोबांसकट मंडळी गुलमर्गला जातात. ज्यांची मुलं-सुना अमेरिका-कॅनडात आहेत, त्यांची नातवंडं तर पाचव्या-सहाव्या वर्षीच पायांत त्या लांब पट्ट्या अडकवून बर्फावरून घसरायला शिकतात. म्हणून या आठवड्यात लोणची-मसाले बाजूला ठेवून एका वेगळ्याच विषयावर लिहिते आहे.

निमित्त एका वाचक भगिनींच्या पत्राचं. त्यांचा मुलगा कोलोरॅडोत असतो. त्या लिहितात, “या हिवाळ्यात आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. सात वर्षांची नात खुर्चीच्या पाळण्यात बसून डोंगरावर जाते. तिचा व्हिडिओ पाहिला आणि पोटात गोळाच आला. खाली वीस-पंचवीस फूट खोल, आणि पोरीला बांधलेलं काही नाही! सूनबाई म्हणते, ‘आई, सगळे असेच बसतात.’ मी बोलू, की गप्प बसू?”

बोला हो, जरूर बोला. पण नुसत्या भीतीनं बोललात तर सूनबाई हसून सोडून देईल. माहितीनं बोललात तर ऐकेल. तेव्हा आधी माहिती घेऊ.

पाळणा आला कुठून?

हा खुर्चीचा पाळणा, म्हणजे चेअरलिफ्ट, पहिल्यांदा १९३६ साली अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या सन व्हॅली इथे सुरू झाला. तो काढणारे जेम्स करन हे रेल्वे कंपनीतले इंजिनियर. जहाजावर केळीचे घड चढवायची आकड्यांची फिरती यंत्रणा त्यांना माहीत होती. आकड्याला घडाऐवजी खुर्ची लावली तर माणूसही वर जाईल, असं त्यांच्या डोक्यात आलं. वर अखंड फिरणारा पोलादी दोर, त्याला टांगलेल्या खुर्च्या. खुर्ची मागून येते, आपण तिच्यात बसायचं, आणि वर पोचलो की चालत्या खुर्चीतूनच उतरायचं.

पट्टा का नसतो, याचं उत्तर इथेच आहे. वर उतरायला काही क्षणच मिळतात. मुलाचा पट्टा ऐन वेळी सुटला नाही, तर खुर्ची त्याला फरफटत नेईल. म्हणून पट्ट्याऐवजी पुढे एक दांडा असतो. तो डोक्यावरून खाली ओढून घ्यायचा. फ्रान्समधल्या काही ठिकाणी मुलांना पाठीत धातूची पट्टी असलेलं जाकीट घालतात आणि खुर्चीच्या पाठीत चुंबक बसवतात. वर पोचलं की चुंबक आपोआप सोडतो. पण ही सोय सगळीकडे नाही. बहुतेक ठिकाणी मुलाची भिस्त दोनच गोष्टींवर. एक तो दांडा, आणि दुसरं शेजारी बसलेलं मोठं माणूस.

मुलं पडतात कशी?

आपल्याला वाटतं, दोर तुटत असेल. तसं नाही. कोलोरॅडो राज्याच्या पाळणा-सुरक्षा मंडळानं २००१ ते २०१२ या काळात खुर्चीतून पडण्याच्या २२७ घटना तपासल्या. त्यांतल्या ८६ टक्के बसणाऱ्याच्या वागण्यातून घडलेल्या निघाल्या. यंत्राचा किंवा चालवणाऱ्याचा दोष होता दोनच टक्क्यांत. ते दोन टक्केही सोपे नसतात. २०१६च्या डिसेंबरात त्याच राज्यातल्या ग्रॅनबी इथे खुर्ची खांबावर आपटून एक आई आणि तिच्या दोन मुली खाली पडल्या आणि आई दगावली. यंत्रावर आपली सत्ता चालत नाही. पण बाकीचा मोठा वाटा आपल्या हातात आहे.

“वागणं” म्हणजे मुलाचा वात्रटपणा, असं मात्र समजू नका. खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची. आपल्या गुडघ्याला लागते ती मुलाच्या कमरेला लागते. त्यात पायांना जड पट्ट्या, अंगात गुळगुळीत जाकीट. मूल अर्धवट टेकतं आणि खुर्ची निघते. शेजारची आई घाबरून त्याचा दंड धरते. खाली जमीन दूर दूर जाते. बहुतेक अशा प्रसंगांची सुरुवात पहिल्या पाच-दहा पावलांत झालेली असते.

बसताना

पाठीवरची पिशवी काढून पोटाशी घ्या. लोंबणारे बंद, मफलर, वेणी आत खोचा. मुलाच्या हातातल्या काठ्यांचे फासे मनगटातून काढा.

मुलाला पाळणा चालवणाऱ्या माणसाच्या बाजूला बसवा, म्हणजे त्याचा हात पटकन पोचतो. “मूल लहान आहे, जरा हळू करा” असं त्याला आधीच सांगा. यात लाज कसली? ते त्याचं कामच आहे. लहान मुलामागे एक मोठं माणूस हवंच. दोन मुलं आणि एक आई, असा हिशेब नको.

मागे वळून येणारी खुर्ची पाहायची, आणि बसल्याबरोबर पाठ मागे टेकेपर्यंत सरकायचं. मग लगेच दांडा खाली. दांडा ओढण्याआधी “डोकी सांभाळा” म्हणावं. वरची उतरायची पाटी दिसेपर्यंत तो उचलायचा नाही. अमेरिकेत पुष्कळ लोक दांडा घेतच नाहीत, स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियात तो घेण्याची रीतच आहे. सूनबाईंना एवढंच सांगा की आपण रीत तिकडची घेऊ.

हातमोजा पडला, चष्मा पडला, पडू दे. वाकायचं नाही. झोके घ्यायचे नाहीत. मागच्या खुर्चीतल्या मैत्रिणीला हात करायलाही वळायचं नाही.

हे सगळं घरीच शिकवता येतं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे एक पक्कं ठाऊक आहे की मुलाला सूचना लक्षात राहत नाही, खेळ राहतो. दिवाणाकडे पाठ करून मुलाला उभं करा. “आली, आली, बस!” म्हटलं की त्यानं मागे पाहून बसायचं, पाठ टेकवायची आणि पुढे धरलेलं लाटणं दांडा म्हणून धरायचं. दहा वेळा खेळलात की अंगवळणी पडेल.

सोडायचं कधी, धरायचं कधी

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. आईचा हात मुलाला धरण्यासाठी असतो, सोडण्यासाठी नाही. पण खुर्ची नुकती निघाली आहे, मूल नीट बसलेलं नाही आणि बर्फ अजून पायांना लागण्याइतका जवळ आहे, तर मूल खुर्चीला लोंबकळत ठेवू नका. त्याला खाली घसरू द्या आणि ओरडा, “स्टॉप! स्टॉप!” दोन फुटांवरून मऊ बर्फात पडणं म्हणजे थोडं रडणं. तेच मूल वीस फुटांवर लोंबत असणं, ही वेगळीच गोष्ट.

आणि तो क्षण निसटला, उंची वाढली, तर मात्र उलट. आता सोडायचं नाही. काखेत हात घालून किंवा जाकिटाची मूठ आवळून घट्ट धरा. दुसऱ्या हातानं आपण खुर्ची धरा. पुढे झुकून स्वतःचा तोल घालवू नका. ओरडत राहा. मुलाशी मात्र हळू बोला. “मी धरलंय, हलू नकोस.”

खाली असलेल्यांनी काय करायचं?

पत्र लिहिणाऱ्या भगिनी स्वतः पाळण्यात बसणार नाहीत, खाली उभ्या राहणार. म्हणून हा भाग खास त्यांच्यासाठी.

२०१९च्या फेब्रुवारीत कॅनडात व्हॅंकुव्हरजवळच्या ग्राउस माउंटनवर आठ वर्षांचा एक मुलगा खुर्चीतून घसरला. शेजारच्या मोठ्या माणसानं त्याला धरून ठेवलं होतं. तो सुमारे वीस फुटांवर लोंबत होता. खालून जाणाऱ्या काही शाळकरी मुलांनी ते पाहिलं. त्यांनी बर्फातली कुंपणाची जाळी उपसली, पाटीभोवतीची जाड गादी काढली आणि सगळ्यांनी कडा धरून जाळी ताणली. मुलाला सांगितलं, पायांतल्या पट्ट्या झाडून टाक. मग तो सुटला आणि जाळीत पडला. काही लागलं नाही.

यातला क्रम लक्षात ठेवा. आधी पाळणा थांबवा. चालवणाऱ्याकडे कुणाला तरी पळवा. मग बचाव पथकाला बोलवा. अमेरिका-कॅनडात फोन ९११, आपल्याकडे आणि युरोपात ११२. मग जाळी, ताडपत्री, जे सापडेल ते. जितके हात जास्त तितकं बरं. मुलाच्या पायांतल्या पट्ट्या आधी पडू द्या, त्या वेळी खाली कुणी नको. ताणून धरायला कुणी नाही, तर भुसभुशीत बर्फाचा ढीग आणि कोट-गाद्या खाली रचा. पण एकट्यानं दोन्ही हात पसरून झेलायला उभं राहू नका. दोघांचीही मान मोडेल.

एक प्रसंग असा की तिथे वाट पाहायला वेळच नसतो. २०१७च्या जानेवारीत कोलोरॅडोतल्या अरापाहो बेसिनवर एका माणसाची पाठपिशवी खुर्चीत अडकली आणि तो गळ्यानं लटकला. दोरावर चालायची सवय असलेला त्याचा मित्र, मिकी विल्सन, खांबावर चढला, दोरावरून सरकत तिथवर पोचला आणि खालून फेकलेल्या चाकूनं पट्टा कापला. माणूस वाचला. हे धाडस आपण करायचं नाही. पण पिशवी पोटाशी घ्या असं मी वर का लिहिलं, ते आता कळलं ना?

पाळणा नुसता मध्येच थांबला तर घाबरू नका. पुढे कुणी उतरताना पडलं की तो थांबतोच. वीज गेली तर दुसऱ्या इंजिनावर खुर्च्या हळूहळू वर आणतात. तेही झालं नाही, तर पथकातले लोक दोरावरून दोरी टाकून एकेकाला खाली उतरवतात. वेळ लागतो, थंडी वाजते. पण उडी कधीही मारायची नाही.

मूल पडलंच, तर लगेच उचलून कडेवर घेऊ नका. मान-पाठ हलवू नका, हेल्मेट काढू नका. वर कोट पांघरा, खायला-प्यायला देऊ नका. उठून पळायला लागलं तरी डॉक्टरांना दाखवा. पुढचे एक-दोन दिवस उलटी, फार झोप, डोकेदुखी, बरळणं यांवर लक्ष ठेवा.

आपल्याकडे

गुलमर्गला बंद डब्यांच्या पाळण्याबरोबर खुर्च्यांचा पाळणाही आहे. औलीलाही खुर्च्यांचा पाळणा बांधलेला आहे. तिथे भाड्यानं मिळणारे पायघोळ कोट आणि गमबूट घालून आपण बसतो. कोटाचा घेर, साडीचा पदर, ओढणी, खांद्यावरची पर्स, सगळं मांडीवर गोळा करून घ्या.

आणि वाऱ्यामुळे पाळणा बंद ठेवला, तर “एवढे पैसे भरून आलोय” म्हणून हुज्जत घालू नका. २५ जून २०१७ रोजी गुलमर्गला झाड उन्मळून दोरावर पडलं आणि सातजण गेले. बंद ठेवणाऱ्याचे आभार मानून गरम कहवा प्यावा.

तर भगिनी, सूनबाईंना असं सांगा, “मी तिला नको म्हणत नाही. फक्त दांडा, पिशवी आणि शेजारी कोण, या तीन गोष्टी रोज विचारणार.” विचारणारी आजी थोडी कटकटी वाटेल. वाटू द्या. आणि जाण्याआधी व्हिडिओवरच नातीबरोबर लाटण्याचा खेळ सुरू करा.