पाकळीचा ल आणि मेकफाइल

परवाना खुला पण बांधणी बंद, अशा फाँटला मी मुक्तस्रोत म्हणणार नाही. कुणाला राग आला तरी चालेल.

नातवाची मित्रमंडळी मराठी फाँट करताहेत. कौतुक आहेच. पण ठरलंय काय, तर अक्षरं 'ग्लिफ्स'मध्ये काढायची आणि फाँटची फाइलही तिथूनच बाहेर काढायची. "बिल्डला काय आजोबा, एक बटण दाबलं की झालं!" अरे, पण ते बटण विकतचं, आणि चालतं फक्त मॅकवर. इस्लामपुरात माझ्या ओळखीतल्या एकाही शिक्षकाकडे मॅक नाही.

(नातेवाईक मंडळींसाठी: बिल्ड सिस्टिम म्हणजे मूळ साहित्यातून तयार वस्तू कशी करायची, याची संगणकाला कळेल अशी लिहून ठेवलेली कृती.)

यात माझं काय अडलं? सांगतो. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला होता. मी जन्मभर फळ्यावर तेच काढले. संगणकावर मात्र पुष्कळदा हिंदी वळणाचे उमटतात. तुमच्या पडद्यावर कोणते दिसताहेत, पाहाच! उद्या या पोरांच्या फाँटमध्ये ल चुकला, तर परवाना मला म्हणेल, "दुरुस्त करा की गुरुजी." आणि करू कशाने?

पुण्याशी नातं असलेला 'लोहित' पाहा. रेड हॅटने २००४ मध्ये तो खुला केला, २०११ पासून ओएफएल परवान्यावर आहे. त्याच्या लोहित देवनागरीच्या गाठोड्यात फाँटफोर्जची फाइल, जोडाक्षरांचे नियम साध्या मजकुरात, आणि एक मेकफाइल. सगळी अवजारं फुकट, जुन्या संगणकावरही चालणारी. दुरुस्ती करा, make म्हणा, फाँट तयार!

"मेक म्हणजे जुनाट," असं ऐकवलं जातं. असेल. केडीईवाल्यांनीही २००६ मध्ये जुनी ऑटोटूल्स सोडून सीमेक घेतलं, पण का? जुनी व्यवस्था मोजक्याच लोकांना कळायची, बाकीचे तिला हात लावायला भ्यायचे. म्हणजे त्यांनी पाहिलं ते हेच, की दुरुस्ती कोणाकोणाला करता येईल. तुम्हाला नवंच हवं तर रेखाटनं यूएफओमध्ये ठेवा आणि फाँटमेकने बांधा. तेही खुलं आहे, माझी हरकत नाही.

"आधी फाँट होऊ दे, बांधणीचं नंतर बघू" हे मात्र मला अजिबात मान्य नाही. मेक लिहिलं स्टुअर्ट फेल्डमन यांनी, १९७६ मध्ये, बेल लॅब्जमध्ये. त्यात ओळीच्या सुरुवातीला टॅबच लागतो, स्पेस चालत नाही. ही खोड त्यांना लवकरच लक्षात आली होती, पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते. त्यांची मोडतोड नको म्हणून ती तशीच राहिली, आणि आज पन्नास वर्षांनीही लोक त्या टॅबला अडखळतात.

तुमचा फाँट तर अजून डझनभर लोकही वापरत नाहीत. आत्ताच बदला की रे!