पर्याय कुठे लिहून ठेवलेत?

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष आहे, आधीच सांगून ठेवतो. नात्यागोत्यातली जी मंडळी "काय नवीन लिहिलंय बघू" म्हणून इथे डोकावतात, त्यांनी लगेच पळ काढू नये एवढी विनंती. विषय संगणकाचा असला तरी त्यात आपली मराठी अडकलेली आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. सोर्सवरून एखादं सॉफ्टवेअर तयार करताना जे पर्याय निवडले जातात, ते साध्या अक्षरांत, वापरणाऱ्याला सापडतील अशा जागी आणि शक्यतो कारणासकट लिहून ठेवलेले असावेत. वाचायला हे अगदीच साधं वाटतं ना? पण प्रत्यक्षात ही नोंद कुठे पडलेली असते हे पाहिलं की गंमत वाटते, आणि कधी कधी संतापही येतो.

ज्यांना "सोर्सवरून तयार करणं" ही भानगड नवी आहे त्यांच्यासाठी थोडं दळण. दुकानात पिठाची तयार पिशवी मिळते. ती आणली की काम झालं. किंवा आपण ज्वारी घेऊन गिरणीवर जातो. तिथे "जाडं का बारीक?" हा प्रश्न येतो. सॉफ्टवेअरचंही असंच आहे. बहुतेक लोक तयार पिशवी आणतात. पण प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, आणून आपल्या यंत्रावर दळताही येतो. त्याला कंपाईल करणं म्हणतात. आणि दळताना प्रश्न येतात. छपाईची सोय हवी का? आवाज हवा का? अमुक लायब्ररी जोडायची का? प्रत्येक उत्तर म्हणजे एक पर्याय. एकदा पीठ झालं की ते नुसतं बघून काय काय निवडलं होतं ते ओळखणं कठीण. म्हणून आमच्याकडे दळणाच्या डब्यात चिठ्ठी टाकायची पद्धत आहे. आजचा लेख त्या चिठ्ठीबद्दल आहे.

आता मराठीकडे येतो. २००५-०६ च्या सुमारास लिनक्सवर फायरफॉक्स वापरून ज्यांनी मराठी वाचलं असेल त्यांना हा प्रकार आठवेल. मोझिलाच्या संकेतस्थळावरून थेट उतरवलेल्या फायरफॉक्समध्ये (आवृत्ती १.५ घ्या नाहीतर २) देवनागरी मोडायची. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे जायच्या ऐवजी उजवीकडे जाऊन बसायची, आणि जोडाक्षरांचे पाय मोडून उघडे पडायचे. आमच्या जिल्ह्यातल्या "चिखली"चं "चखिली" व्हायचं, आणि "विदर्भ" तर ओळखूच यायचा नाही. "बुलढाणा" या नावात ना ऱ्हस्व वेलांटी ना जोडाक्षर, त्यामुळे जिल्हा तेवढा सुखरूप!

याचं कारण एका पर्यायात होतं. देवनागरीसारख्या लिपीतली अक्षरं नीट मांडण्याचं काम लिनक्सवर पँगो नावाची लायब्ररी करते. फायरफॉक्स कंपाईल करताना पँगो जोडायचा की नाही, हा तेव्हा एक पर्याय होता, आणि मोझिलाच्या स्वतःच्या बांधणीत तो बंद असायचा. पँगोमुळे पानं हळू उमटतात अशी तक्रार असायची, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला त्याची गरज नव्हती. फेडोरासारख्या काही वितरणांनी मात्र हाच फायरफॉक्स, त्याच सोर्सवरून, पँगो जोडून बांधला होता. सोर्स एकच, नावही एकच. एकावर मराठी दिसायची, दुसऱ्यावर मोडायची. जून २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आला, त्यात पँगोचा वापर नेहमीचाच झाला आणि हा प्रश्न मिटला.

त्या काळात विंडोज एक्सपी वापरणाऱ्यांनाही मराठीसाठी खटपट करावी लागे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भाषांच्या खिडकीत एका चौकोनात टिचकी मारायची, मग ते यंत्र एक्सपीची सीडी मागायचं. मराठी लिहिणाऱ्या निम्म्या लोकांनी ही कृती चित्रांसकट आपापल्या पानावर टाकली असेल. पण तो चौकोन निदान डोळ्यांना दिसत होता. रिकामा आहे म्हणजे सोय बंद आहे, हे कळत होतं. लिनक्सवरच्या फायरफॉक्सचा चौकोन कुणीतरी दूरवर, बांधणीच्या वेळी, रिकामा सोडून दिलेला होता. वाचणारा मग फॉन्टला दोष द्यायचा, नाहीतर "मराठी संगणकावर चालतच नाही" असं म्हणून मोकळा व्हायचा. माझं दुखणं नेमकं इथे आहे. आपली भाषा कुणाच्या तरी यादीत "पर्यायी" होती याचं मला फार वाईट वाटत नाही. सगळ्यांची सगळी सोय पहिल्या दिवशी कुणीच करू शकत नाही. पण ती वगळली आहे हे वाचणाऱ्याला कळूच नये, हे वाईट.

खरं तर चिठ्ठी होती, आणि तीही डब्याच्या आतच! फायरफॉक्सच्या पत्त्याच्या जागी "अबाउट", मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि "बिल्डकॉन्फिग" असं इंग्रजीत सलग टाइप केलं, की तो फायरफॉक्स कोणते पर्याय देऊन बांधला आहे त्याची यादी उघडते. आजही उघडते, करून पाहा. ही पद्धत मला सगळ्यांत आवडते. पीठ कुठेही गेलं तरी चिठ्ठी बरोबर जाते. ध्वनिचित्रफितींचं काम करणारा एफएफएमपेग तर दर वेळी सुरू होताना स्वतःचे पर्याय घडाघडा म्हणून दाखवतो. विम या संपादकाला आवृत्ती विचारली की तो अधिक-उण्याच्या खुणांनी काय आहे, काय नाही ते सांगतो. त्यातल्या उण्याच्या खुणेचं मला फार कौतुक आहे. नसलेली गोष्ट "नाही" म्हणून लिहिणारे फार थोडे!

दुसरी पद्धत फ्रीबीएसडीची. या प्रणालीत १९९४ पासून "पोर्ट्स" नावाची व्यवस्था आहे. हजारो प्रोग्रॅम सोर्सवरून कसे बांधायचे याच्या कृतींचं ते एक मोठं भांडार. एखादा प्रोग्रॅम बांधायला घेतला की निळ्या पडद्यावर पर्यायांची यादी येते. हवे तिथे खुणा करायच्या. आपली उत्तरं "व्हार" या फोल्डरातल्या "डीबी" मधल्या "पोर्ट्स" मध्ये, त्या प्रोग्रॅमच्या नावाच्या कप्प्यात, "ऑप्शन्स" नावाच्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहून ठेवली जातात. बांधणीचा पसारा पुसून टाकला तरी ही फाईल राहते. प्रोग्रॅम काढून टाकला तरी राहते. पुढच्या वेळी नवा पर्याय आला असेल तरच प्रश्न पुन्हा विचारला जातो.

याची किंमत घाटाखालच्या माणसाला विचारा! (बाहेरच्यांसाठी: आमच्या जिल्ह्याचे दोन भाग, घाटावर आणि घाटाखाली. खामगाव, शेगाव, मलकापूर हे घाटाखाली.) त्या वर्षांत लोडशेडिंग हा आमच्या दिनक्रमाचा भाग होता. जेवणं, दळण, पाण्याची मोटर, सगळं विजेच्या वेळापत्रकावर. फायरफॉक्ससारखा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारा सगळा गोतावळा त्या काळच्या यंत्रावर बांधायचा म्हणजे तासन् तासांचं काम. मध्येच लाईट जायची. आमचे काका दारातून डोकावून विचारायचे, "काहून बाप्पा, तुयं दळण अजून झालं नाही का?" लाईट आली की काम पुन्हा सुरू, पण उत्तरं पुन्हा द्यावी लागत नसत, कारण ती पसाऱ्याबाहेर, वेगळ्या जागी जपलेली होती. सगळ्या गोतावळ्याचे प्रश्न आधीच एकदम विचारून घ्यायचीही सोय या पोर्ट्समध्ये आहे. ती वापरली नाही तर रात्री दोन वाजता निळा पडदा उत्तराची वाट बघत थांबतो आणि सकाळी तेवढ्यावरच असतो.

इतकं असूनही फ्रीबीएसडीशी माझं एक भांडण आहे. "व्हार" हे फोल्डर मुळात येणाऱ्या-जाणाऱ्या गोष्टींसाठी: नोंदवह्या, रांगेतली कामं, तात्पुरत्या फाईली. माणसाने विचार करून घेतलेला निर्णय तिथे का ठेवायचा? लोक बॅकअप घेताना "ईटीसी" जपून ठेवतात आणि "व्हार" सोडून देतात. शिवाय ती फाईल यंत्राने लिहिलेली; तिच्यात आपण दोन ओळी लिहिल्या तर पुढच्या वेळी पुसल्या जातात. त्यापेक्षा हेच पर्याय "ईटीसी"मधल्या "मेक डॉट कॉन्फ" या फाईलमध्ये हाताने लिहिता येतात, आणि तिथे टीपही लिहिता येते. माझं मत या हाताने लिहिण्याच्या बाजूने आहे. जेन्टू लिनक्समध्ये ही रीतच आहे. तिथे आपली निवड आपण "ईटीसी"मध्ये लिहितो, आणि प्रत्येक बसवलेल्या प्रोग्रॅमबरोबर त्या वेळी प्रत्यक्षात काय लागू झालं याची वेगळी नोंद प्रणाली ठेवते. काय हवं होतं आणि काय झालं, दोन्ही कागद जागेवर.

तिसरी पद्धत सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत विसरभोळी. सोर्सचं गाठोडं सोडायचं, "कॉन्फिगर"ला पर्याय सांगायचे, बांधायचं, बसवायचं. दिलेली आज्ञा जशीच्या तशी "कॉन्फिग डॉट लॉग" या फाईलमध्ये लिहिली जाते, पण ती फाईल त्या गाठोड्यातच. जागा कमी पडली म्हणून गाठोडं पुसलं की चिठ्ठीही गेली. लिनक्सच्या गाभ्याचे हजारो पर्याय असेच "डॉट कॉन्फिग" फाईलमध्ये सोर्सजवळ असतात. पण डेबियन आणि फेडोरा त्याची एक प्रत "बूट" फोल्डरात गाभ्याशेजारीच ठेवतात. ही छोटीशी शिस्त मोलाची आहे.

राहिली गोष्ट कारणाची. सातबारा सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्यातला गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची, आणि नमुना बारा सांगतो त्या वर्षी, त्या हंगामात, किती क्षेत्रावर काय पेरलं. जमीन तीच, पेरा दर वर्षी वेगळा. सोर्स आणि पर्याय यांचंही नातं तसंच. पूर्वी पीकपाहणी तलाठी करायचा. २०२१ पासून शेतकरी स्वतःच मोबाईलवरून ई-पीक पाहणी करू लागला. ही नोंद चुकीची असेल तर विम्याच्या आणि नुकसानभरपाईच्या वेळी काय होतं ते आमच्याकडे कुणालाही विचारा. शेतात उभं पीक एक, कागदावर दुसरं, आणि कागदाचंच खरं!

पण बारामध्ये "का पेरलं" हे लिहायला रकाना नाही. ते काकांच्या खिशातल्या डायरीत असतं. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशीची वाट लावली. पुढच्या पेरणीला काकांनी एका तुकड्यात कपाशीऐवजी सोयाबीन घेतलं आणि डायरीत लिहिलं, "बोंडअळी, म्हणून." एवढंच. पण त्यामुळे पुढे कधी तो निर्णय बदलायचा की नाही हे ठरवता येतं. कारण माहीत नसलेला पर्याय कुणी बदलायला धजत नाही, नाहीतर कुणी बेधडक उडवून देतो. पँगोच्या पर्यायापुढे कुणी "देवनागरीसाठी लागतो, काढू नका" एवढं लिहिलेलं असेल, तर पुढचा माणूस वेगासाठी तो काढताना दोनदा विचार करेल. आरपीएमची स्पेक फाईल किंवा डेबियनची रूल्स फाईल लिहिणाऱ्यांना ही सोय आयती आहे. शेजारी टीप लिहायला एक ओळ लागते.

यावर कुणी म्हणेल, आता सोर्सवरून बांधतंय कोण? सगळं तयार मिळतं. अहो, तयार मिळतं म्हणजे कुणीतरी बांधलेलंच असतं! आपण बांधत नाही म्हणजे आपल्या वतीने दुसरा कुणी पर्याय निवडतो, एवढाच फरक. उलट म्हणूनच चिठ्ठीची गरज वाढली आहे. डेबियनच्या लोकांनी हे ओळखलं. त्याच सोर्सवरून कुणीही बांधलं तरी तंतोतंत तेच पॅकेज निघालं पाहिजे, या कामाला ते २०१३ पासून लागले, आणि त्यासाठी बांधणीच्या वेळची परिस्थिती लिहून ठेवणारी "बिल्डइन्फो" नावाची फाईल आली. दळणारा कोण, दगड कुठला, सगळं चिठ्ठीवर.

तेव्हा जे प्रोग्रॅम लिहितात, बांधतात, त्यांच्याकडे माझं मागणं फार नाही. एक, पर्यायांची यादी तयार प्रोग्रॅमच्या पोटात ठेवा आणि विचारल्यावर दाखवा, नसलेल्या गोष्टींसकट. दोन, माणसाची निवड माणसाच्या हातच्या फाईलमध्ये राहू द्या, पसाऱ्यात नको. तीन, शेजारी एक ओळ कारणाची. आणि जे नुसतं वापरतात त्यांनी पुढच्या वेळी मराठी कुठे मोडलेली दिसली, तर फॉन्टला शिव्या घालण्याआधी एवढंच विचारावं: हे कुणी बांधलं, आणि पर्याय कुठे लिहून ठेवलेत?

असो. दळण बरंच लांबलं. तुमच्या फायरफॉक्समधली ती यादी उघडून पाहिलीत तर काय दिसलं ते जरूर कळवा.